चढणीचा हिशेब

चंदीगडने सप्टेंबर 2022 मध्ये विद्युत वाहन धोरण स्वीकारले. सपाट, सरळ रस्त्यांच्या या शहरात विजेची मोटारसायकल सहज रुळते. तिची खरी परीक्षा सुरू होते ती सिमल्याकडे निघाल्यावर, परवानूच्या घाटात.

चंदीगड समुद्रसपाटीपासून सुमारे 320 मीटर उंचीवर आहे, तर सिमला सुमारे 2,200 मीटरवर. अंतर साधारण 115 किलोमीटर. गाडी, स्वार आणि सामान मिळून 300 किलो वजन धरले, तर नुसती ही उंची गाठायलाच सुमारे दीड युनिट ऊर्जा लागते. हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण यांचा खर्च वेगळाच. पेट्रोलच्या गाडीलाही डोंगराचा हा कर चुकत नाही; पण वाटेत पंप भेटत राहतात आणि स्वाराला तो जाणवत नाही. विजेच्या गाडीवर मात्र तो टक्क्या-टक्क्याने डोळ्यांसमोर वसूल होतो.

परतीच्या उतारावर मोटर जनित्राचे काम करते; वेग आवरते आणि खर्चलेल्या ऊर्जेचा काही अंश बॅटरीत परत घालते. परंतु काठोकाठ भरलेल्या बॅटरीत ही वीज मावत नाही. सिमल्यात शंभर टक्के चार्जिंग करून निघालेल्या स्वाराला पहिल्याच उतरणीवर मोटरचा रोध क्षीण झालेला जाणवतो आणि सारा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

वाटेत वीज संपण्याची धास्ती त्याला सांगते, बॅटरी पूर्ण भरून घे. भौतिकशास्त्र सांगते, उतारासाठी थोडी जागा राख. अनुभवी स्वार दुसऱ्याचे ऐकतो.