पुसलेले आणि हरवलेले

संगणकावरची एखादी फाईल पुसली असे आपण म्हणतो, तेव्हा हार्ड डिस्कच्या तबकडीवरचे बहुधा काहीच पुसले गेलेले नसते. ‘ही जागा आता मोकळी’ एवढीच नोंद संगणक आपल्या यादीत करतो. त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून राहतो. ही गोष्ट आम्हांला ऐकून ठाऊक होती. तिच्यात संपादनाचा एक अवघड प्रश्न दडलेला आहे, हे मात्र सरांची हार्ड डिस्क हाती आल्यावर उमगले.

जात्यावरच्या ओव्यांवरचे सरांचे लेखन त्यांच्या निधनाने अपुरे राहिले होते. काकूंनी माळ्यावरचा संगणक आम्हां तिघा जुन्या विद्यार्थ्यांच्या स्वाधीन केला. डिस्क मधूनच टक् टक् आवाज करी. अशी डिस्क पुन्हापुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे उरलेसुरलेही गमावणे. म्हणून आधी तिची संपूर्ण नक्कल केली. त्यासाठीची प्रणाली सुस्थितीतला भाग प्रथम उतरवून घेते आणि दुखावलेल्या जागांकडे मागाहून वळते. हस्तलिखितांच्या जीर्ण पानांशी जाणता माणूस असाच वागतो.

बराचसा मजकूर परत आला, पण फायलींची नावे आणि तारखा गेल्या होत्या. उरले होते नुसते क्रमांक. उघडावे तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी फॉन्ट आपापल्या सोयीने रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. त्यांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असे. युनिकोडमध्ये ती नंतर येते. त्यामुळे रूपांतरानंतरही वेलांट्या आणि रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. मोडी कागद लावावा तशी एकेक ओळ लावावी लागली.

खरा पेच पुढे होता. एका प्रकरणाचे तीन पाठ मिळाले. दोन साठवलेले, तिसरा पुसलेल्या जागेतून वर आलेला. या तिसऱ्यात सरांनी आपल्या आईच्या दळणाविषयी दोन पाने लिहिली होती. साऱ्या लेखनात तीच आम्हांला सर्वांत सुंदर वाटली, आणि उरलेल्या दोन पाठांत तीच नव्हती. ती सरांनी जाणून काढली असतील का? कागदावर खाडाखोड दिसते. काट मारणाऱ्या हाताचा निश्चयही दिसतो. इथे तो पुरावा नाही. लेखन साठवताना संगणक स्वतःच जुनी प्रत काढून टाकून नवी ठेवतो. मग लेखकाने नाकारलेले आणि यंत्राने मागे टाकलेले हे वेगळे कसे ओळखावे?

एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण केले, तेव्हा त्यांच्यापुढे नकलाकारांनी शिरवलेले अपपाठ होते. आमच्यापुढे परका हात नव्हता. तिन्ही पाठ सरांचेच; परके असलोच तर आम्ही. आवडले म्हणून ती दोन पाने प्रकरणात घालणे हा आमचा प्रक्षेप ठरला असता. मुख्य पाठ म्हणून साठवलेल्या दोहोंपैकी अधिक पूर्ण असलेला घेतला; ती पाने, ती कुठून मिळाली हे नमूद करून, परिशिष्टात दिली. काही पत्रेही वर आली होती. ती पत्रे आहेत हे कळताच वाचणे थांबवले आणि न वाचताच काकूंकडे सोपवली.

एका ओवीचा शेवटचा चरण मात्र मिळालाच नाही. तबकडीचा तेवढाच भाग गेला होता. गाणारी बाई आता हयात नाही. चाल ठाऊक आहे, यमक काय असावे याचाही अदमास येतो. आमच्यातल्या एकाने तो चरण जुळवूनही पाहिला आणि तो शोभलाही. तरी ज्ञानेश्वरीच्या पाठात आपली ओवी घालू पाहणाऱ्याला एकनाथांनी जी तंबी दिली आहे ती आठवली. छापील प्रतीत त्या जागी टिंबे आहेत. त्या बाईच्या लेकीसुनांपैकी कुणाला तो चरण येत असेल, तर तो तिच्या तोंडून यावा.