साडेसातची घंटा

आमच्या वाचनालयाचा जिना चढून वर आलं की उजव्या हाताला नियमांची पाटी आहे. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं, गावातल्याच पेंटरकडून रंगवून घेतलेली. नवा सभासद ती वाचत नाही आणि जुन्याला ती दिसत नाही. मी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले तेव्हा मात्र सगळी वाचून काढली आणि शिपाईमामांना विचारलं, "मामा, 'वर्तमानपत्रातील शब्दकोडे पेनाने सोडवू नये' हे कुणासाठी?" मामांनी थेट नावच सांगितलं. मग मी एकेक नियम विचारत गेले आणि मामा एकेक नाव सांगत गेले. 'पंख्याच्या बटणास हात लावू नये' हा नियम एका निवृत्त हेडमास्तरांमुळे आला होता. त्यांना वारा सोसत नसे आणि शेजारी बसणाऱ्या दुकानदाराला पंख्यावाचून बसवत नसे. 'नोकरीच्या जाहिराती कापून नेऊ नयेत' या नियमाचा मानकरी पुढं तलाठी झाला, हे मामांनी कौतुकानं सांगितलं. 'बाकावर पाय घेऊन बसू नये', 'पुड्या खाऊन कोपऱ्यात थुंकू नये', 'मंडळाच्या पदाधिकाऱ्यांशी वाद घालू नये'. शेवटच्या नियमाच्या वेळी मामा नुसते हसले.

म्हणजे कुणीतरी काहीतरी केलं, दोन सभासदांनी तक्रार केली, की पाटीवर एक ओळ वाढायची. वाचनालयांचे नियम बहुतेक ठिकाणी असेच जन्माला येत असावेत. त्यात चूक काही नाही. फक्त जे अजून घडलेलं नाही, किंवा ज्याची तक्रार करणारं कुणी नाही, ते पाटीवर येत नाही.

आमचं गाव तालुक्याचं, कृष्णाकाठचं. वाचनालय जुनं, 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता असलेलं, सरकारी अनुदानावर आणि वर्गणीवर चालणारं. मोठ्यांचं वागणं सांभाळणं हा माझ्या नोकरीतला सोपा भाग. मुक्तद्वार विभागात सकाळी पेपर वाचायला येणारे आजोबा एकमेकांनाच दटावतात. अभ्यासिकेत एमपीएससीची मुलं बाकावर दप्तर ठेवून चहाला जातात ती तासभर येत नाहीत. तेव्हा अर्ध्या तासानंतर दप्तर टेबलावरून माझ्या कपाटात जाईल, असं एकदा सांगितलं आणि दोनदा करून दाखवलं, मग प्रश्न मिटला. फोनवर बोलणाऱ्याकडे मी चष्म्यावरून बघते. खुर्चीत डुलकी काढणाऱ्याला मी उठवत नाही. घोरायला लागला तरच मामा खोकतात. घरी दोन सुना आणि एक टीव्ही असलेल्या माणसाला दुपारी तासभर शांत झोप मिळत असेल तर त्यानं पेपरची घडी मोडली नाही म्हणून कुणाचं काय बिघडलं?

अवघड भाग संध्याकाळी पाचनंतरचा. तेव्हा बालविभाग भरतो.

मुलांचे गुन्हे वेगळे असतात. पहिल्या वर्षी प्राण्यांच्या सचित्र कोशातली पानं ब्लेडनं कापलेली सापडायला लागली. वाघ गेला, मग हत्ती, मग एका आठवड्यात सगळे सरपटणारे प्राणी. दंड लावायचं ठरलं. चोर शोधताना कळलं की शाळेनं वहीत प्राण्यांची चित्रं चिकटवून आणायला सांगितली होती आणि स्टेशनरीच्या दुकानातले तक्ते संपले होते. मी जाऊन बाईंना भेटले. पुढच्या वर्षीपासून चित्र काढून आणायचं ठरलं आणि आमच्याकडची चोरी थांबली. दंडाची पावती एकही फाडावी लागली नाही.

दुसरा गुन्हा आवाजाचा. मोठ्या हॉलमधून सारखा निरोप यायचा, मुलांना गप्प करा. एक दिवस मी बालविभागात नुसती बसून ऐकलं. दंगा थोडाच होता. बराचसा आवाज वाचण्याचा होता. पहिली-दुसरीतलं मूल सहसा मनात वाचू शकत नाही. ते बोट ठेवतं, अक्षर जुळवतं, जोडाक्षराला अडतं, मागं जातं आणि शब्द सापडला की तो जरा जोरातच म्हणतं. 'रा-धा-चं... राधाचं... घ-र.' त्याला 'शांतता राखा' म्हणणं म्हणजे वाचू नको म्हणणं. शेवटी बालविभागाची कपाटं मागच्या खोलीत हलवली, जिथं पूर्वी रद्दी असायची, आणि मधलं दार लावून घ्यायला लागलो. या बदलावर एका आजीव सभासदानं अभिप्रायवहीत दोन पानं लिहिली. मी ती पूर्ण वाचली नाहीत.

पण मुलांच्या बाबतीतली खरी गोष्ट तिसरीच होती, आणि तिच्याबद्दल तक्रार करणारं कुणीच नव्हतं. ही मुलं एकटी यायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आया सकाळीच सांगून जायच्या, "काकू, असू दे हं इथंच, मी येते." बालविभागाची वर्गणी महिन्याला 20 रुपये. आमचे कोषाध्यक्ष त्यावर म्हणायचे, "वीस रुपयांत पाळणाघर!" त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण त्या आया कुठं जायच्या तेही मला माहीत होतं: कापडाच्या दुकानात, पापडाच्या कारखान्यात, दवाखान्याच्या स्वागतकक्षात, नाहीतर चार घरच्या पोळ्यांना. मूल घरी मोबाइलसमोर ठेवायचं की वाचनालयात, एवढीच निवड त्यांच्यापुढं होती आणि त्यांनी वाचनालय निवडलं होतं. एरवी वाचनसंस्कृतीवर भाषणं देणाऱ्या किती जणांनी आपल्या मुलांसाठी तेवढं केलंय?

मे महिन्यातली लग्नसराई होती. आठला वाचनालय बंद होतं. पावणेआठला मी मागच्या खोलीत गेले तर दुसरीतली एक मुलगी एकटीच बसलेली. एरवी तिची आई सातलाच यायची. आई मेन रोडवरच्या साड्यांच्या दुकानात कामाला. तिथं कामाच्या वेळी बायकांचे फोन खणात ठेवायला लावतात, हे मला नंतर कळलं. सभासद अर्जावर नंबर वडिलांचा होता आणि वडील ट्रकवर, फोन संपर्कक्षेत्राबाहेर. आठ वाजले. मामा खिडक्या लावायला लागले. मुलीनं दप्तराची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. माझ्या पर्समधला बिस्किटाचा पुडा पुढं केला तर मान हलवली. "आईनं सांगितलंय, कुणाचं काही खायचं नाही." घर कुठं विचारलं, तर तेही सांगेना. "ते पण सांगायचं नाही म्हणालीय." सात वर्षांच्या मुलीकडं नियम होते, पक्के होते, आणि ती ते पाळत होती. पत्र्याच्या पाटीवर आम्ही गावाला इतकं बजावून ठेवलं होतं, पण अशा वेळी आम्ही काय करायचं याची एक ओळही आमच्याकडं नव्हती.

मी म्हटलं, "मामा, तुम्ही थांबा हिच्याजवळ, मी स्कूटीवरून दुकानात जाऊन येते." मामा जागचे हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "बाई, मला एकट्याला नका ठेवू पोरीपाशी. दिवस बरे नाहीत." तीस वर्षं त्या वास्तूत घालवलेला माणूस. त्याला असं म्हणावं लागलं याचं मला वाईट वाटलं, पण तो बरोबर बोलत होता. आणि मी तिला स्कूटीवर बसवून नेलं असतं तर? वाटेत पडलो असतो तर? आई दुसऱ्या रस्त्यानं इथं आली असती आणि कुलूप बघून तिचं काय झालं असतं? मामांची गावाकडची शेवटची एसटी साडेआठला. ते गेले की बंद इमारतीत मी आणि ती, दोघीच.

कार्यवाहांना फोन लावला. ते लग्नाच्या पंगतीत होते. मागं सनई वाजत होती. म्हणाले, "पोलीस स्टेशनला नेऊन द्या की." मी म्हटलं, आई येणार आहे हे माहीत असताना? ते म्हणाले, मग थांबा.

आम्ही कुलूप लावलं आणि खाली उतरून समोरच्या वडापावच्या गाडीपाशी, भरपूर उजेडात, चार माणसांच्या देखत तिघं उभे राहिलो. गाडीवाल्यानं पोऱ्याला दुकानाकडं पिटाळलं. मामांची एसटी गेली. सव्वानऊला आई आली ती जवळजवळ पळतच. खांद्यावर गणवेशाच्या साडीच्या पिना तशाच. आधी तिनं मुलीला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग आमच्याकडं. "गिऱ्हाईक होतं, मालक सोडेनात," एवढंच म्हणाली. मला रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना.

पुढच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदरात मी हा विषय काढला. कोषाध्यक्षांनी लगेच ठराव मांडला: दहा वर्षांखालील मुलांना पालकांशिवाय प्रवेश नाही. एक सदस्य मुलाकडं सहा महिने अमेरिकेत राहून आलेले. त्यांनी सांगितलं की तिकडच्या सार्वजनिक ग्रंथालयांच्या नियमांत एकट्या मुलाचं कलमच वेगळं असतं. किती वयापर्यंत मोठं माणूस बरोबर हवं, बंद होताना मूल राहिलं तर कर्मचाऱ्यांनी किती वेळ थांबायचं आणि मग पोलिसांना कधी कळवायचं, सगळं लिहिलेलं. वयाची अट मात्र प्रत्येक गावाची निराळी. अध्यक्षांना ते फार आवडलं. "तेच मराठीत करून लावू," म्हणाले.

मला त्यातला अर्धा भाग पटला. कर्मचाऱ्यानं काय करायचं हे लिहून ठेवतात, हे उत्तम. पण दहा वर्षांची अट लावली असती तर उद्यापासून बालविभागात डॉक्टरांची आणि प्राध्यापकांची मुलं तेवढी उरली असती, ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहेच. ज्यांच्या आईला सातला सुटता येत नाही त्यांनाच दार बंद. मी म्हटलं, नियम मुलांना घालण्याआधी आम्हाला घाला. यावर जरा शांतता झाली. आमच्या मंडळाला कर्मचाऱ्यानं नियम मागितल्याची सवय नव्हती.

वयावरून बराच वाद झाला. शेवटी आठ ठरलं. आठच्या खालच्या मुलाबरोबर कुणीतरी हवं, पण ते आई-बापच असं नाही; बारा वर्षांची बहीण चालेल. कोषाध्यक्ष चौदावर अडून होते. मी म्हटलं, आपल्या गावात बारा वर्षांची मुलगी धाकट्याला न्हाऊ घालून, डबा भरून शाळेत नेते. तिला वाचनालयात शेजारी बसता येणार नाही? बाकीचं मग पटापट झालं. अर्जावर दोन नंबर, त्यातला एक गावातल्या आणि संध्याकाळी फोन उचलणाऱ्या माणसाचा. साडेसातला घंटा द्यायची आणि त्या घंटेला मागच्या खोलीत कोण उरलंय ते बघून तिथूनच फोन सुरू करायचे, आठची वाट बघायची नाही. मूल राहिलंच तर दोन माणसं थांबतील, एकटं कुणी नाही. इमारतीत नाही, खाली उजेडात. कुणीही मुलाला आपल्या गाडीवरून सोडायचं नाही, मी धरून. साडेनऊपर्यंत कुणी आलं नाही आणि दोन्ही नंबर लागले नाहीत तर 1098 आणि पोलीस. या नियमांची पाटी मी जिन्यात लावू दिली नाही. ती माझ्या टेबलामागं, मला दिसेल अशी आहे.

नंबरांचं गमतीदार झालं. नवे अर्ज भरताना दुसऱ्या नंबरापाशी आया अडायच्या. शेजारीण म्हणावं तर तीही कामाला. शेवटी पाच-सहा अर्जांवर एकच नंबर आला, तो समोरच्या वडापाववाल्याचा. मी त्याला विचारायला गेले. तो म्हणाला, "मी अकरापर्यंत असतोच की. पोरं वर असली तर मला तेवढं सांगत जा." आता साडेसातच्या घंटेनंतर मामा खिडकीतून त्याला बोटांनी आकडा दाखवतात. उरलेल्या मुलांचा.

एक मुलगा साडेसात वर्षांचा. तो एक दिवस आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन आला आणि त्यात जन्मसाल एक वर्ष आधीचं आहे असं मला पटवू लागला. झेरॉक्सवर पेननं आकडा गिरवलेला स्पष्ट दिसत होता. मी त्याला मामांच्या नातवाच्या शेजारी बसवला. नातू तेरा वर्षांचा आहे. ते भाऊ-भाऊ नाहीत, पण ठरावात 'बहीण' असं लिहिलंय का 'मोठे मूल', हे अजून कुणी तपासलेलं नाही.

राहिला पैशांचा मुद्दा. दोन माणसं थांबवायची तर दोन माणसं लागतात आणि आमच्याकडं एकूण तीन. अनुदानातला निम्मा वाटा पगाराला, तोही अनुदान हप्त्यांत येईल तेव्हा. मामांची एसटी चुकली तर जीपचं भाडं किरकोळ खर्चातून द्यावं, हे कोषाध्यक्षांनीच सुचवलं आणि ते मंजूर झालं. ज्यादा वेळेच्या मोबदल्याचा माझा विषय 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला. त्यानंतर सभा होत राहिल्या, इतिवृत्तं मीच लिहिते. विषय अजून पुढच्या सभेतच आहे.