मळलेली पानं

नेपियर टाउनमधलं भाड्याचं घर महिनाअखेर सोडायचं होतं. जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते तेव्हा आजोबा इथे आले. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि मराठी उरली ती कपाटांत. आईची चार कपाटं. नव्या फ्लॅटमध्ये जागा एका कपाटाची.

त्याच आठवड्यात लिनक्स कर्नलवरच्या एका पुस्तकातलं प्रकरण मराठीत आणत होते. कर्नल मेमरीचे सारखे तुकडे करतो, बहुधा 4096 बाइटचे. त्यांना तो पानंच म्हणतो. जागा संपत आली की बरेच दिवस कुणी हात न लावलेली पानं आधी काढायची, हा ढोबळ नियम.

धाकटा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, ‘‘ताई, उघडतेस का कधी ती पुस्तकं? कबाडीला बोलव.’’ नियम तोच होता. दोन गठ्ठे गेले.

तिसरा बांधताना ‘रुचिरा’ हातातून पडलं. समासात आईचं अक्षर : ‘कोकम मिळत नाही, अमचूर घातला. ह्यांना कळलं नाही.’

रात्री पुढचा परिच्छेद आला. डिस्कवरून आणलं तसंच असलेलं पान कर्नल बिनदिक्कत टाकतो; लागलं तर मूळ प्रत आहेच, पुन्हा आणता येते. पण मध्यंतरी त्यावर काही लिहिलं गेलं असेल, तर ते आधी डिस्कवर उतरवावं लागतं, मगच जागा मोकळी. अशा पानाला इंग्रजीत ‘डर्टी’ म्हणतात. मी ‘अस्वच्छ’ लिहिलं होतं. ते खोडून ‘मळलेलं’ केलं. हाताळल्याशिवाय काही मळत नाही.

सकाळी उरलेली सगळी पुस्तकं पान न् पान चाळली. कोरी निघाली ती वाचनालयाला दिली. ती कुठेही मिळतील. मळलेल्यांतलं आईचं अक्षर वहीत उतरवते आहे. पुस्तकं त्यानंतर जातील.

त्या दोन गठ्ठ्यांतली कोरी किती होती, हे मी पाहिलं नव्हतं. भावाला हे अजून सांगितलेलं नाही. काल त्याने विचारलं, ‘‘ताई, आई आमटीत काय घालायची गं?’’

‘‘अमचूर,’’ मी म्हटलं. एवढं तरी वहीत होतं.