हिरवळ नको, गवत हवं



नवीन घर बांधलं तेव्हा पुढच्या उन्हाच्या जागेत लॉन करायचं मुलाने जवळजवळ पक्कं केलं होतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग मी चातुर्मासभर सोप्यातच बसायचं होय?"

त्यांचं वय सत्त्याऐंशी. हिरव्या गवतावर पाय द्यायचा नाही, हा त्यांचा लहानपणापासूनचा नेम. एकेंद्रिय असला तरी जीवच तो. गुडघ्यांमुळे रस्त्यावर जाता येत नाही, अंगणातल्या फेऱ्या हेच त्यांचं फिरणं. सगळी जमीन लॉनने झाकली, तर पाय टाकायचा कुठे?

मी कॉमर्सची. दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. लॉन पावसाळ्यात सारखं कापावं लागतं, तेही हिरवंगार असताना. उन्हाळ्यात पाणी आणि कीड लागली की फवारणी. आपल्या माळावरची गवतं मात्र ठोंबाने वाढतात. दोन ठोंबांमध्ये मोकळी माती राहते आणि कापणी वर्षातून एकदाच, तीही वाळल्यावर. श्रावकाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही, पण कमी नक्की करता येते. मुलालाही हा हिशेब पटला.

मग अडीच फुटांची मातीची वाट सोडून दोन्ही बाजूंना गवतं लावली. वाटेकडेला मारवेल. तो मऊ असतो आणि त्याला जांभळट तुरे येतात. उतारावर वाळा. त्याची मुळं सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. मुळांच्या वासासाठी लोक तो उपटतात, आम्ही उपटत नाही, कारण मूळ काढलं की सगळं झाडच गेलं. कुसळी पार मागे, कुंपणाला. वाळल्यावर ती तांबूस सोनेरी दिसते, पण तिची कुसळं साडीत अडकतात आणि टोचतात. नदीकाठचा पांढरा तुऱ्यांचा कास कितीही आवडला तरी लहान अंगणात लावू नका, तो जमिनीखालून पसरतो.

लावणी पहिल्या पावसानंतर करा. दिवसाचं सहा तास ऊन हवं. खत नको, खताने गवत माजतं आणि आडवं पडतं. पहिलं वर्ष पाण्याकडे लक्ष द्या, पुढे फारसं लागत नाही.

दिवाळीनंतर गवत वाळतं, तेव्हा ते कापायची घाई करू नका. शेजारणी "अंगण कधी साफ करणार?" म्हणून विचारतात. विचारू देत. त्या वाळक्या तुऱ्यांवरचं बी टिपायला ठिपकेवाल्या मुनियांचे थवे येतात. पावसाळ्यात त्याच मुनिया घरट्यासाठी लांब पाती तोडून नेतात. संध्याकाळी उडणाऱ्या तपकिरी फुलपाखराच्या अळ्याही गवताच्या पात्यांवरच वाढतात. बुंध्याशी कितीतरी बारीक जीव आसरा धरून असतात.

म्हणून बी गळून गेल्यावर, वळवाच्या आधी, आम्ही वाळलेले ठोंब हाताने हलवून, नीट पाहून, वीतभर ठेवून कापतो. कापलेलं जाळत नाही, कोपऱ्यात रचून ठेवतो.

मुनिमहाराज चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात, ती ईर्यासमिती. सासूबाई काठी टेकत तशाच सावकाश, खाली पाहत चालतात. या चातुर्मासातही त्यांच्या रोजच्या अकरा फेऱ्या चुकल्या नाहीत. आपल्या घरात कोण कुठून चालतं, हे पाहून बाग आखावी, एवढंच माझं सांगणं.