वाफ आधी बघायची

लिमलेटच्या गोळीचा फोटो काढायचा तर उजेड तिच्या मागून यायला हवा. साखरेचा पाक सुमारे १५० अंशांपर्यंत तापवून पटकन थंड केला की साखरेला खडे धरायला सवडच मिळत नाही. तिची काच होते, म्हणून गोळी आरपार दिसते. बत्ताशाचं उलट. तो आतून बुडबुड्यांनी भरलेला, त्याला बाजूने तिरपा उजेड लागतो. संक्रांतीच्या हलव्यालाही तसाच, नाहीतर काटे दिसतच नाहीत. खडीसाखर दोऱ्याभोवती सावकाश धरलेला स्फटिक. तिला उजेड कुठूनही द्या, एखादा पैलू चमकतोच.

वरोऱ्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात पूर्वेच्या खिडकीपाशी एक जुना पाट आहे. त्याच्यावर मी गोळ्या, होळीच्या गाठ्या, ज्वारीची भाकर, झुणका, जवसाची चटणी, सांभार म्हणजे कोथिंबीर निवडून उरलेल्या काड्या, असं घरातलं जे हाताशी येईल ते मांडते आणि फोटो काढते. जंगलात जाऊन वाघांचे फोटो काढणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत, ताडोबा जवळच आहे. मला घरातलंच पुरतं. हे पुरणं मला दोन माणसांनी शिकवलं. त्यांतल्या एकाचं देणं आमच्या घराकडे माझ्या जन्माच्या आधीपासून होतं.

पहिले आमचे स्टुडिओवाले काका. पासपोर्ट आणि लग्नाचे फोटो हा त्यांचा धंदा. रंगीत रोल धुवायला नागपूरला जायचे आणि लग्नाचा शेवटचा रोल कधी पूर्ण संपलेला नसायचा. छत्तीसातले दोन-तीन फोटो उरायचेच. ते उरलेले फोटो काका मला काढू देत. मी शाळकरी पोर, खिशात गोळ्या. माणसांचे फोटो काढायची मला लाज वाटायची, म्हणून मी गोळी टेबलावर ठेवली. काकांच्या याशिका कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटरच्या लेन्समधून ती बोटाच्या पेराएवढीही दिसेना. काकांनी लेन्स काढली, उलटी केली आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी हाताने धरली. "आता तू मागेपुढे हो, गोळी तशीच राहू दे," म्हणाले. उलट्या लेन्समधून गोळीचा एवढासा तुकडा सगळ्या चौकटीत भरला. तिच्यातला एक बुडबुडा स्पष्ट, बाकी सगळा केशरी धूर. श्वास घेतला तरी बुडबुडा नजरेतून निसटायचा. पुढे महागडी मॅक्रो लेन्स आली, पण श्वास रोखून पुढे सरकायची सवय त्या टेबलावरची. काकांनी त्या फोटोंचे पैसे कधी घेतले नाहीत. धुलाईचा खर्च लग्नवाल्यांच्या हिशेबात जायचा आणि गोळीचा फोटो ते वेगळ्या पाकिटात घालून माझ्यासाठी ठेवायचे.

दुसरे मामा. ते माझे सख्खे मामा नव्हेत. गावाजवळच्या आनंदवनात, कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत, त्यांना सगळेच मामा म्हणत. माझे वडील तिथल्याच आनंद निकेतन महाविद्यालयाच्या कचेरीत कामाला. शाळा सुटली की मी तिकडे जायची आणि ते निघेपर्यंत जिथे शुभेच्छापत्रं बनत तिथे बसायची. मामा वाळलेली पानं, गवताची तुसं चिमट्याने उचलून कागदावर लावत. यवतमाळकडचे होते. औषधाने कुष्ठरोग कधीचा बरा झालेला, पण गेलेली संवेदना औषधाने परत येत नाही. बोटं आखूड झालेली, आणि उरलेल्या बोटांना गरम-थंड, टोचलेलं, भाजलेलं काहीच कळत नसे.

दुपारचा चहा आला की मामा तो लगेच उचलत नसत. कप खिडकीकडे सरकवत, स्वतः अशा बाजूला बसत की कपामागे आतल्या खोलीचं अंधारं दार येईल, आणि वाफ बघत. काळ्यासमोर, मागून-बाजूने आलेल्या उजेडात वाफेचा एकेक पदर दिसतो. पांढऱ्या भिंतीसमोर तीच वाफ दिसेनाशी होते. वाफ दाट आहे, पातळ झाली, थांबली, हे बघून मगच ते कपाला फडकं गुंडाळून हात लावत. मी विचारलं, मामा, रोज कप का हलवता? ते म्हणाले, "माह्या हाताले गरम समजत नाही, माय. हाताचं काम डोयानं करा लागते. वाफ आधी पाहायची."

अन्नाच्या फोटोत वाफ कशी धरायची हे मी पुढे कितीतरी ठिकाणी वाचलं: मागे गडद पार्श्वभूमी, उजेड मागून. ते वाचताना मला नवं काही सापडलं नाही. ज्याला भाजल्याचं कळत नाही अशा माणसाने स्वतःची कातडी वाचवण्यासाठी ते शोधून काढलं होतं, आणि माझ्या हातात कॅमेरा नव्हता तेव्हाच मला देऊन टाकलं होतं. भाजी शिजली आहे की नाही, पान कोरडं आहे की ओलं, भाकर शेकली की नाही, सगळं ते बघून ओळखत. चकाकीवरून ओल, सावलीच्या कडेवरून जाडी. फोटो काढायचा म्हणजे हेच. चित्रातली भाकर कोणी हाताने चाचपू शकत नाही. तिचा पापुद्रा, तिच्यावरचं पीठ, तिचा ऊबदारपणा डोळ्यालाच कळला पाहिजे. मामा आयुष्यभर तसेच जगत होते.

जन्माआधीच्या देण्याचं आता सांगते. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ, झुडपांच्या जागेवर सहा कुष्ठरुग्णांसोबत आनंदवन सुरू केलं. विहीर खणली, जमीन फोडली, आणि खाऊन उरेल इतकी भाजी पिकली. ती गावात विकायला आली तेव्हा गावाने घेतली नाही. रोग्यांच्या हातची भाजी म्हणून. वरोऱ्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती दुसऱ्या कोणाची तरी म्हणून सांगितली जाते. आजीने मला ती आमच्या घरची म्हणून सांगितली. ती तेव्हा नवी सून होती, भाजी चांगली होती, वांगी तुकतुकीत होती, आणि सासऱ्यांनी नको म्हटलं. "आपण नाही घेतली," आजी म्हणाली. "ते" असं तिने म्हटलं नाही. गावाची भीती हळूहळू गेली; भाजी, दूध सगळं गावात येऊ लागलं आणि लेकरं शिकायला आनंदवनाच्या महाविद्यालयात जाऊ लागली. आमच्या घरची चूल तर पुढे तिथल्याच पगारावर पेटली. ज्या हातांची भाजी आमच्या उंबऱ्यावरून परत गेली, त्याच हातांपाशी बसून मी बघायला शिकले. हे मला एरवी कुठे लिहायचं सुचलं नसतं, पण ऋण म्हटल्यावर आधी हेच आठवतं.

कॉलेजात असताना एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचं १९३० मधलं एक चित्र मी एका पुस्तकात पाहिलं. एक ढोबळी मिरची, पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून काढलेली. नरसाळ्याचा पत्रा उजेड चहूकडून तिच्यावर फेकतो, म्हणून तिची वळणं अंगासारखी भरीव दिसतात. पुस्तक मी मामांना दाखवायला नेलं. त्यांनी ते खिडकीकडे नेलं, तिरकं धरलं, बराच वेळ पाहिलं. "पाठ आहे का कोणाची?" असं विचारलं. मिरची म्हटल्यावर फार खूश झाले. दुसऱ्या दिवशी मी स्टीलच्या डब्याच्या झाकणात वांगं ठेवून पाहिलं आणि झाकणाने उजेड दिला. आजही थर्माकोलचा पांढरा तुकडा मिळाला नाही तर मी झाकणच लावते.

आमच्याकडचं हवामान या छंदाला सोपं नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, चॉकलेट कागद उघडेपर्यंत आकार सोडतं. आषाढात गोळ्यांना घाम फुटतो; दमट हवेतलं पाणी ओढून त्यांची काच वरून मऊ पडते आणि मग तिच्यावर साखरेचे बारीक कण धरू लागतात. मला हा आषाढातला मळकट थर फार आवडतो, दुकानातून आणलेल्या गोळीपेक्षा जास्त. चैत्राच्या सुमारास मोहाची फुलं येतात. पहाटे झाडाखाली पडलेली, मलईच्या रंगाची, रसाने फुगलेली. उन्हं चढायच्या आत खिडकीत ठेवली तर उजेड त्यांच्यातून पार जातो. दुपारपर्यंत ती मळून जातात.

लॅपटॉप घरात आल्यावर एक नवा नाद लागला. त्याच्या पडद्यातून येणारा प्रकाश एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवीकृत असतो. पडदा पांढरा करायचा, समोर खडीसाखर धरायची, लेन्सवर ध्रुवीकरणाची काच लावून ती फिरवायची. पडदा काळा होतो आणि खडीसाखरेत निळे, पिवळे, जांभळे पट्टे उमटतात. गोळीच्या पारदर्शक वेष्टनात तर दिवाळीच असते. खुद्द गोळीत मात्र रंग फारसे येत नाहीत. तिच्यात स्फटिकासारखी शिस्त नाही ना. हे बघायला मामा राहिले नाहीत, आणि ही एक गोष्ट त्यांना दाखवायची राहून गेली याची हळहळ मला प्रत्येक वेळी वाटते.

त्यांचा फोटो माझ्याकडे नाही. मी विचारलं होतं, हातांचा तरी काढू द्या. आनंदवनात येणारे पाहुणे पुष्कळदा तोच फोटो काढतात, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नव्हतं. "हाताचा नको," म्हणाले, "हातानं लावलेलं काही काढ." म्हणून मी बाजारातून आनंदवनच्या मळ्यातली वांगी आणली, झाकणाचा उजेड दिला, नागपूरहून मोठी प्रत करून आणली आणि त्यांना दिली. मामांनी ती खिडकीशी नेऊन देठाचे काटे पाहिले, सालीवरची चमक पाहिली.

"हे तं आपल्याच वावरातले," म्हणाले. "इकत घेतले?"

"हो, मामा."

"का भाव?"

मी भाव सांगितला.

"महाग देले तुले," ते म्हणाले, आणि पुढच्या खेपेला बाजारात कोणाजवळ बसायचं, कितीला मागायचं, ते मला नीट समजावून सांगितलं.