खंडूबरोबर उडनाडाटाच्या वाटेवर

5 जुलै, अ‍ॅडलेड

सामान भरून झालं. गाडीचा मागचा निम्मा भाग खंडूचा आहे. त्याचा पिंजरा, गादी, रात्रीचा कोट, कोरडं खाणं, काटे काढायचा चिमटा, जंतुनाशक, जाळीचं मुसकं आणि पाण्याचे कॅन. वीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटर-सव्वा लिटर पाणी पुरतं. आम्ही दुप्पट धरलं आहे, कारण पुढे बोअरचं पाणी खारट असतं आणि त्याने पोट बिघडू शकतं.

सायंकाळी साताऱ्याहून आईचा फोन. "अगं, त्या मुक्या जिवाला वाळवंटात कशाला ओढतेस? उन्हाने जीव जाईल त्याचा." म्हटलं, इथे आत्ता हिवाळा आहे, रात्री स्वेटर लागतो. पण तिची काळजी खोटी नाही. ज्या उडनाडाटाकडे जाणाऱ्या वाटेवर आम्ही निघालोय, तिथे 2 जानेवारी 1960 ला 50.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंग निववतो, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की ते साधत नाही. म्हणून डिसेंबर-जानेवारीचा विचारसुद्धा आम्ही केला नव्हता.

खंडूच्या गळ्यात गोचीडनाशक पट्टा आठवड्यापूर्वीच चढला आहे. साताऱ्यात काकांचा मोती गोचिडाच्या तापाने गेला. नाकातून रक्त यायला लागलं तेव्हा फार उशीर झाला होता. भारतात घरोघरी ठाऊक असलेला एर्लिकिया नावाचा हा आजार ऑस्ट्रेलियात नव्हता. 2020 मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात तो सापडला, आणि मग नॉर्दर्न टेरिटरीत. इथल्या बऱ्याच लोकांना त्याची लक्षणं अजून माहीत नाहीत. आम्हाला माहीत आहेत.

6 जुलै, पीटरबरो

रेल्वेचं जुनं गाव. रस्त्याच्या कडेला बॉबचा पुतळा. 1880 च्या दशकात हा कुत्रा इथल्या गाड्यांवर राहायचा. तिकीट नाही, मालक म्हणावा असा एक माणूस नाही. इंजिनामागे कोळशाच्या ढिगावर बसून तो हव्या त्या गावाला जाऊन यायचा. त्याचा पट्टा पोर्ट अ‍ॅडलेडच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवला आहे. लेकीने पुतळ्याशेजारी खंडूला बसवून फोटो काढला. एका भटक्या कुत्र्याची आठवण गावाने इतकी वर्षं सांभाळली, याचं मला फार बरं वाटलं.

8 जुलै, हॉकरच्या पुढे

विल्पेना पाउंड आमच्यासाठी बंद. ते राष्ट्रीय उद्यानात आहे आणि तिथे कुत्र्यांना मनाई आहे. उलुरूलाही तेच. नियम योग्य आहे. कुत्र्याच्या नुसत्या वासाने जमिनीवर राहणारे लहान प्राणी बिथरतात. कुत्रा बरोबर हवा असेल तर नकाशावरची अर्धी प्रसिद्ध ठिकाणं पुसूनच बेत आखायचा.

मग आम्ही उद्यानाबाहेरच्या एका कोरड्या नदीच्या पात्रातून चाललो. कडेने रिव्हर रेड गमची जुनी झाडं. खंडू मध्येच तीन पायांवर उभा राहिला. पंजात सराटा! आपल्या माळरानावरचा तोच, तसाच शिंगांचा. चिमट्याने काढला, पंजा धुतला. आता प्रत्येक थांब्यावर चारही पंजे बोटांच्या बेचक्यांसकट बघायचे, हे काम लेकीने घेतलं आहे. गवताची कुसळंही तीच काढते. ती कातडीत शिरली तर आत सरकत जातात, म्हणून कान, काखा, काही सोडत नाही.

9 जुलै, मरीच्या पश्चिमेला

आज डिंगोचं कुंपण ओलांडलं.

जवळून पाहिलं तर तारेची साधी जाळी. माणसाच्या उंचीची, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत गेलेली. पण लांबी सुमारे 5,600 किलोमीटर: मुंबईहून दिल्लीला दोनदा जाऊन यावं एवढी. क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्समधून निघून ती थेट ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटच्या कड्यापाशी पोचते. आग्नेयेकडच्या मेंढ्या डिंगोंपासून वाचवण्यासाठी ती उभी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात तिच्यासाठी 1946 चा स्वतंत्र कायदा आहे आणि देखभालीची माणसं आजही तिच्या कडेने गाडी हाकत भोकं बुजवत जातात.

खंडू केल्पी आहे, म्हणजे मेंढ्या वळणारी जात. त्याचे पूर्वज स्कॉटलंडच्या कॉलींकडून आले. डिंगो या भूमीवर तीन हजारांहून अधिक वर्षं आहेत. कुंपण ज्यांच्यासाठी घातलं ते डिंगो, आणि ज्यांनी मेंढ्या राखायच्या ते खंडूचे भाऊबंद. दोघं इतके जवळचे की त्यांची पिल्लंही होतात. त्या जाळीपाशी खंडू बराच वेळ नाक लावून उभा होता. मला त्याला ओढून न्यावंसं वाटेना.

पण ओढून आणलं, कारण विष. मेंढपाळीच्या मुलखात 'टेन-एटी' घातलेल्या मांसाची आमिषं पेरलेली असतात. सोडियम फ्लुओरोअ‍ॅसिटेट. पेशींची ऊर्जा तयार करायची प्रक्रियाच ते थांबवतं, आणि कुत्र्याच्या जातीला ते सर्वांत जास्त बाधतं. त्यावर उतारा नाही. विषाने मेलेला कोल्हा कुत्र्याने खाल्ला तरी तेच. फाटकांवर पाट्या असतात, पण वारा आणि पक्षी पाट्या वाचत नाहीत. घार आमिष उचलून कुठेही टाकते. म्हणून गाडीतून उतरला की खंडूच्या तोंडाला मुसकं आणि गळ्याला साखळी. मुसकं जाळीचं असल्याने त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. नवऱ्याने महिनाभर घरी रोज थोडा वेळ घालून सवय केली होती, त्यामुळे तो झटापट करत नाही.

मेंढ्या मरतात तेव्हा शेतकऱ्याचं काय होतं, हे मी शेतकऱ्याच्या घरातली असल्यामुळे जाणते. तरीही कुणाच्याही कुत्र्याला, रानातल्या किंवा घरातल्या, असं मरण येऊ नये असं मला वाटतं.

10 जुलै, कावर्ड स्प्रिंग्जजवळ

ही वाट जुन्या घान रेल्वेच्या आणि 1872 मध्ये पुऱ्या झालेल्या तारायंत्राच्या लाइनीच्या कडेने जाते. दोन्ही पाण्याच्या शोधात इथून नेलेल्या. ग्रेट आर्टेशियन बेसिनचं भूगर्भातलं पाणी झऱ्यांवाटे इथे वर येतं. द बबलर नावाचा झरा पाहायला नवरा आणि लेक गेले. मी खंडूबरोबर गाडीपाशी थांबले, मग ते आल्यावर मी गेले. दोघांना एकत्र काही बघता येत नाही, हे आधी जड वाटत होतं.

आज तसं वाटलं नाही. एरवी मी कधीच इतका वेळ एका जागी बसले नसते. खंडू ज्या दिशेला कान टवकारतो तिकडे बघायचं, एवढंच काम होतं. त्याने एक सरडा दाखवला, मग मेलेल्या कांगारूवर उतरलेला वेज-टेल्ड गरुड, मग बराच वेळ काहीच नाही, फक्त वारा. जमिनीवर मिठाचा पांढरा थर कुठे संपतो आणि कुठे लाल माती सुरू होते, ती रेघ मी नीट पाहिली. नुसती छायाचित्रं काढून पुढे पळाले असते, तर ती दिसली नसती.

रात्री लांबवर डिंगो ओरडले. खंडू उठून बसला, भुंकला नाही. त्याला तंबूत आत घेतलं. पाळीव कुत्रा रात्री बाहेर बांधून ठेवला तर डिंगो त्याच्यावर येऊ शकतात.

11 जुलै, विल्यम क्रीक

एक पब, धावपट्टी, थोडी घरं. भोवती अ‍ॅना क्रीक हे गुरांचं स्टेशन, आपल्या अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढं. आडव्या वळ्यांच्या रस्त्याने हाडं खिळखिळी झाली. टायरमधली हवा कमी केल्यावर खंडू पिंजऱ्यात झोपला.

12 जुलै, कूबर पीडी

1915 पासून ओपल खणणारं गाव. बरीच घरं जमिनीखाली, कारण आत वर्षभर हवा साधारण 23-25 अंशांवर राहते. गावाबाहेर हजारो उघडे खड्डे. उलट्या पावली चालू नका, अशा पाट्या आहेत. त्या कुत्र्यासाठी लागू नाहीत असं समजू नये. सशामागे धावलेला कुत्रा खड्ड्यापाशी थांबत नाही. इथे साखळी क्षणभरही सोडली नाही.

14 जुलै, पोर्ट ऑगस्टा

परतीचा टप्पा गुळगुळीत डांबरी रस्त्याने आला. रोड ट्रेन समोरून गेली की खंडू मान वर करतो आणि परत झोपतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला मात्र आम्ही गाडी चालवलीच नाही, त्या वेळी कांगारू रस्त्यावर येतात.

मेलबर्न, सिडनी, पर्थच्या ज्या मराठी घरांमध्ये कुत्रा आहे त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. न्यायचा असेल तर मे ते ऑगस्टच्या दरम्यान न्या. निघायच्या आधी गोचिडाचं औषध, मायक्रोचिपवरचा तुमचा फोन नंबर आणि मुसक्याची सवय, तिन्ही पक्की करा. शेकडो किलोमीटर पशुवैद्य मिळणार नाही असं धरूनच औषधांचा डबा भरा. आणि कुत्रा म्हातारा असेल, चपट्या नाकाचा असेल किंवा सुटी डिसेंबरातच मिळत असेल, तर त्याला घरी विश्वासू माणसाकडे ठेवा.