माथा दिसल्यावर

पहिलटकरणीच्या बाळाचा माथा दिसू लागला की खोलीतल्या सगळ्याजणी ओरडतात, "लाव जोर, लाव जोर!" नेमकं तेव्हाच तिला थांबवायचं असतं. तोंड उघडं ठेवून धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायला लावायचा. आपला एक हात माथ्यावर, दुसरा खालच्या जागेला आधार देत. वेळ मिळाला तर कातडी ताणते. माथा धक्क्याने आला तर फाटते.

*

योनी आणि गुदद्वार यांच्यामधली ही जागा. पुस्तकात मूलाधार, बोलण्यात नुसतं 'खाली'. "खाली टाके पडले." कुठपर्यंत फाटलं, हे बाळंतिणीलाही कुणी सांगत नाही.

*

फाटण्याच्या पहिल्या पायरीला फक्त कातडी फाटते, दुसरीला आतले स्नायू. तिसरीला गुदद्वार आवळून धरणारा स्नायू जातो, चौथीला गुदमार्गाचं अस्तरही. तिसरी-चौथी नजरेतून सुटली, तर पुढे वायू धरवत नाही, शौच धरवत नाही, आणि बाई वर्षानुवर्षं गप्प राहते. म्हणून टाके घालण्याआधी गुदद्वारात बोट घालून तपासायलाच हवं. घाई असली तरी.

*

हाताला सोसेल इतक्या ऊन पाण्यात पिळलेली स्वच्छ कापडाची घडी, जोराच्या कळांत त्या जागेवर. मोठ्या फाटण्या यानं कमी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत हे आहे. मी नोकरी केलेल्या एका दवाखान्यात चहाला गरम पाणी कायम असायचं, या घडीसाठी कधीच नाही. अजून राग येतो.

*

फाटू नये म्हणून आधीच कापा, असं १९२० साली शिकागोच्या जोसेफ डीलींनी मांडलं आणि ती रीत जगभर रुजली. पण कट म्हणजेच दुसऱ्या पायरीची जखम! बाळाचे ठोके मंदावले, चिमटा लावायचा झाला, तर द्यावा लागतो; तोही तिरका, गुदद्वारापासून दूर. 'पहिलटकरीण आहे' हे कारण पुरेसं नाही. सरसकट कट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच शिफारशी सांगतात.

*

पोट वरून दाबून बाळ खाली ढकलणं: बंद झालं पाहिजे.

*

गरोदरपणाच्या साधारण पस्तिसाव्या आठवड्यापासून, डॉक्टरांना विचारून, स्वच्छ बोटांनी त्या खालच्या जागेला हलका तेलाचा हात. पहिल्या खेपेला कट लागण्याची शक्यता थोडी कमी होते.

*

बाळंतिणीला भेटायला गेलात तर बाळाचं वजन विचारून उठू नका. टाके दुखतात का, शौच धरवतं का, हे तिला एकटीला गाठून विचारा. धरवत नसेल तर तिच्यासोबत डॉक्टरकडे जा.